अंधारात खाल्लेला खाऊ

चव्वेचाळीस वर्षं मी इथं तैवानात वर्तमानपत्रात कादंबऱ्या लिहितेय. मला न जमलेला नायक अजून जन्माला यायचाय! आयुष्यात बोटीवर पाय ठेवला नव्हता तेव्हा मी खलाशी लिहिला, तर कीलुंगच्या खलाशांच्या बायकांनी पत्रं पाठवली, 'हे तर आमचेच हे!' मग प्रोग्रामर म्हणजे काय मोठंसं? त्यातून लग्नाआधी मी एका विमा कंपनीत संगणकाच्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर होते. तेव्हाचा संगणक माझ्या सासरच्या घराहून मोठा होता आणि अख्ख्या इमारतीत थंड हवा फक्त त्यालाच. उन्हाळ्यात आम्ही मुली काही ना काही निमित्त काढून त्याच्या खोलीत जाऊन उभ्या राहायचो.

तर मी प्रोग्रामर लिहिला. जाड चष्मा, विस्कटलेले केस, आणि बोटं अशी चालतात की कळफलकातून धूर निघावा!

संपादक को साहेबांचा फोन आला. "ताई, हा प्रोग्रामर आहे की पियानो वाजवणारा? गुरुवारपर्यंत खरा वाटणारा माणूस द्या. नाहीतर मालिका थांबवू."

माझी नात वान-निंग शिंचूमध्ये प्रोग्रामर आहे. तिला पानं दाखवली. ती उचकी लागेपर्यंत हसली.

"आमा, आम्ही टाइप कुठं करतो? आम्ही बघत बसतो. मग उसासा टाकतो. मग परत बघत बसतो."

"मग मी येऊनच बघते!"

"ये बुधवारी. पण त्या दिवशी तीन वाजता आमचं ॲप सुरू होतंय. माझं पहिलंच मोठं काम आहे. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यावरच ठरणार आहे. तू नुसतं बसायचंस. कशालाही हात लावायचा नाही!"

"मी काय लहान बाळ आहे?"

न्याहारीच्या दुकानात घरबसल्या मागणी नोंदवायची, असं ते ॲप. कंपनी म्हणजे एक खोली, नऊ पोरं आणि कोपऱ्यात घरघरणारं एक कपाट. पाहुण्यांची खुर्ची त्या कपाटाला लागूनच होती. मी वही काढली आणि दिसेल ते वेळेसकट टिपायला लागले. '११:१०. बघत बसले आहेत. ११:४०. उसासा.'

साडेबाराला दिवे मालवले गेले, पडदे ओढले गेले आणि नऊच्या नऊ जण टेबलावर डोकं टेकून झोपले. जेवणानंतरची झोप ती. मीही नोकरीत असताना तशीच झोपायचे. पण त्या दिवशी मला झोप येईना, कारण भूक लागली होती! भाताचा डबा मी बसमध्येच विसरले होते. चाचपडताना कपाटावर एक पाकीट हाताला लागलं. वास घेतला. नारळाचा! म्हटलं, पाहुण्यांसाठीच ठेवलं असणार. किती संस्कारी पोरं! आवाज होऊ नये म्हणून एकेक कुरमुरा तोंडात विरघळवत मी अख्खं पाकीट संपवलं आणि त्याची छान घडी घालून परत जागेवर ठेवलं.

दीड वाजता दिवे लागले.

पाकीट हिरवं होतं.

यंत्रावर ठेवतात ते हिरवं पाकीट! आणि ते घरघरणारं कपाट म्हणजेच त्यांचं यंत्र. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं. ते समोर असलं की यंत्र बिघडत नाही, हे या बेटावर पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

दोन वाजता त्यांनी रंगीत तालीम घेतली. दोनशे मागण्या टाकल्या. दोनशेच्या दोनशे परत आल्या!

"काल तर सगळं चालत होतं!" वान-निंगचा आवाज चिरकला.

मालक च्यु साहेब, वय वर्षं बत्तीस, हळूच कपाटाकडे वळले आणि किंचाळले, "पाकीट रिकामं कसं?"

नऊही चेहरे पांढरे पडले. एक जण पळत दुकानात गेला आणि पिवळं पाकीट घेऊन आला.

"अरे, पिवळं म्हणजे धोक्याचं! बाहेर फेक ते!"

"हिरवं संपलंय, साहेब!"

"हिरवं खाल्लं कुणी?"

मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात माझी वही मांडीवरून घसरली आणि नेमकी च्यु साहेबांच्या पायाशी उघडली. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "१२:५०. खाऊ छान. थोडं मीठ हवं होतं."

"आमा!" वान-निंगनं कपाळावर हात मारला. "मी तुला एकच गोष्ट सांगितली होती ना!"

तिचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडू नको गं. काय बिघडलंय, ते मला सांग तरी."

"तुला काय कळणार? काल दुकानदारांनी आपापल्या दुकानाची माहिती भरली, वेळा भरल्या. आज मी अंड्याची पोळी मागवते, तर नाही म्हणतंय! सोयाचं दूध मागवते, तर नाही!"

"बरोबरच आहे की! दुपारी दोनला तुला पोळी देतो कोण? न्याहारीची दुकानं अकराला बंद होतात. दुकानदार तवे घासून केव्हाच झोपला असेल!"

नऊही जण माझ्याकडे वळले.

"अकराला बंद होतात?" च्यु साहेबांनी विचारलं. नऊ जणांतलं एकही पोर कधी दहाच्या आत उठलेलं नव्हतं!

वान-निंगनं घड्याळाकडे पाहिलं, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, आणि एकदाची तिची बोटं धूर निघेल अशी चालली. तालमीपुरतं यंत्राला सकाळचे आठ सांगितले. दोनशेच्या दोनशे मागण्या सुरळीत गेल्या! त्या खोलीत शहाण्यासारखं वागलेलं ते यंत्र तेवढं एकटंच होतं.

ॲप तीनला सुरू झालं. वान-निंगला सव्वातीनला कायम केलं आणि मला साडेतीनला तीन हिरवी पाकिटं आणायला पिटाळलं.

घरी आल्याआल्या मी सगळं जसंच्या तसं लिहून काढलं आणि धाडून दिलं. गुरुवारी को साहेबांचा फोन.

"ताई, कमाल! प्रोग्रामर मुलगी अगदी खरी उतरलीय. छापतोय!"

"मी म्हणतच होते!"

"फक्त ती आजी काढा. यंत्रावरचं हिरवं पाकीट खाणारी बाई? असली बावळट म्हातारी अख्ख्या तैवानात शोधून सापडायची नाही. वाचकांना पटणार कसं?"



"खरंय, साहेब," मी म्हटलं. "कल्पनाशक्ती जरा जास्तच धावली."