कडी लावण्याचा अर्ज

सज्जन माणसाला दाराची गरज नसते, चौकट पुरते. हे सत्य पंचवटीतल्या बारा बिऱ्हाडांच्या एका चाळीला १९८५च्या मे महिन्यात उमगले. दिल्लीत ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब फुटले होते आणि दिल्लीनंतर नंबर आपल्याच चाळीचा, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते.

दक्षता समितीची सूचना मंगलाचीच. बी.ए. झालेली, मांडीवर चार महिन्यांचे बाळ. बातमी आल्यापासून ती तासातासाला पाळण्याखाली वाकून बघे. इगतपुरीहून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस कोंडाजीकाका अध्यक्ष झाले. (समोरचा झोपलाय की झोपेचे सोंग घेतोय, हे त्यांना लांबून कळे.) ठराव झाला: दुपारी एक ते चार सगळी दारे सताड उघडी, बंद दाराची वहीत नोंद. मंगलाने टाळ्या वाजवल्या. बाळ दचकले. त्याचीही नोंद झाली.

महिन्याभरात निकाल दिसले. संशयास्पद पाहुणे चौदा, पैकी जावई नऊ. संशयास्पद वास एक (बोंबील, वाटून खाल्ल्यावर नोंद रद्द). बेवारस वस्तू एक: छत्री. तिच्यावर सहा बादल्या पाणी ओतल्यावर ती कोंडाजीकाकांनी ओळखली. बॉम्ब शून्य. समितीचा धाक यावरून सिद्धच झाला.

अडचण एवढीच, की बाळाला दोन वाजता पाजावे लागे आणि समितीचे बाकडे नेमके मंगलाच्या दारासमोर. एके दिवशी तिने आतून कडी लावली. लगेच थाप पडली.

"सूनबाई, आत काय चाललंय?"

"पाजतेय, काका."

"कोणाला?"

"बाळाला!"

"तसं कोणीही म्हणेल."

शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या, "अगं, सरळ अर्ज कर की. मी न्हाण्याचा केलाय. बुधवारची तारीख मिळालीय."

मंगलाने तीन प्रतींत अर्ज केला. कारण: भूक. (कोणाची, असे विचारून अर्ज एकदा परत आला.) बाळाचा अंगठा घेतला, तो चोखलेला असल्याने उमटेना, पुन्हा घेतला. तोवर आठ दिवस ती दाराकडे पाठ करून, पदर ओढून घाईघाईने पाजत होती. बाळ अर्धपोटी रडे. वहीत शेरा पडला: 'अल्पवयीन रहिवासी, असंतुष्ट.'

अखेर परवाना आला. कडी लावण्यास वीस मिनिटे मंजुरी. मात्र बंद दाराआड गैर काही घडत नाही याची खात्री करण्यासाठी दोन पंच आत बसतील.

दोनच्या ठोक्याला कोंडाजीकाका आणि यशोदाबाई आत येऊन खुर्च्यांवर बसले. पाठ फिरवणे म्हणजे कर्तव्यात कसूर, म्हणून समोर तोंड करून. मंगलाने परवाना पुन्हा वाचला. कडी कोणत्या बाजूची, हे त्यात लिहिलेले नव्हते. तिने बाळाला उचलले, बाहेर आली आणि कडी लावली.

"सूनबाई! काय चाललंय?"

"वीस मिनिटं, काका. परवाना आहे."

बाकी चाळ दारे उघडी टाकून घोरत होती. समितीच्या रिकाम्या बाकड्यावर बसून तिने बाळाला पाजले. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते पोटभर प्याले आणि झोपले.

मग तिने मान वर केली. समोर कोणी नव्हते, फक्त तुम्ही. तिने पदर सावरला, बाकड्यावरची वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'वाचक, एक. सुरुवातीपासून दारातून आत बघत उभा. एकदाही नजर वळवलेली नाही.'