हेल्गाबाईंचे बटाटे आणि सासूबाईंची संकष्टी

"बटाटे करायला कसली आलीय अक्कल? मी डोळे मिटून करीन," असं पद्माकर कुंपणावरून म्हणाला, आणि घोटाळ्याला तिथेच सुरुवात झाली.

कुंपणापलीकडे शशिधर गुलाबांना पाणी घालत होता. दोघंही डॉक्टर. विलायतेत, स्टॅनमोरच्या त्या गल्लीत जोडीनंच घरं घेतलेली आणि तेव्हापासून एकमेकांच्या खोड्या काढण्यात हयात चाललेली. विषय होता कोपऱ्यावरच्या जर्मन हेल्गाबाईंच्या बटाट्यांचा. दर ऑगस्टमध्ये गल्लीचं बार्बेक्यू असायचं, आणि त्यात हेल्गाबाई आपले खास बटाटे आणायच्या. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, कांदा, व्हिनेगर, साखर, थोडी वाटलेली मोहरी. अशी आंबटगोड चव, की रांगेत उभं राहून माणशी एक चमचा मिळायचा.

"मी तसेच करतो आणि त्यांच्याच बाऊलमध्ये गुपचूप ओततो. आपलेच समजून हेल्गाबाई दुसऱ्यांदा वाढून घेतात की नाही बघ."

"तू? तू चहा केलास तरी स्मोक अलार्म वाजतो."

"लाव पैज."

"लावली. हरेल त्यानं रविवारी सकाळी पितांबर नेसायचं आणि उघड्या अंगानं हेल्गाबाईंचं लॉन कापायचं."

पद्माकरनं समोरच्या घराकडे एक नजर टाकली. त्याच्या हॉस्पिटलातले बडे साहेब समोरच राहायचे, आणि रविवारी सकाळी कुत्रा घेऊन हेल्गाबाईंच्याच दारावरून जायचे. पण तोंडातून "डन" निघून गेलं होतं.

"बायकोला शिकायचंय हो," अशी थाप मारून त्यानं हेल्गाबाईंकडून कृती काढली. शुक्रवारी बायको सुलक्षणा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई एजवेअरला भाजी आणायला गेल्या, तेवढ्यात बटाटे उकडले, चकत्या केल्या, वर कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली भुरभुरली. चमचाभर चाखले आणि स्वतःचीच पाठ थोपटली. मग कुणाला संशय नको म्हणून सगळे एका आइस्क्रीमच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले.

आता विलायतेतल्या कुठल्याही मराठी घरातला फ्रिज उघडा. आइस्क्रीमचे सात-आठ डबे असतात. एकात आमटी, एकात भिजवलेली मटकी, एकात खवलेला नारळ. आइस्क्रीम तेवढं कशात नसतं. पद्माकर हे बारा वर्षं बघत होता, तरी म्हणाला, "व्हॅनिलाच्या डब्यात कोण बघतंय?"

शनिवारी दुपारी व्हॅनिलाचा डबा उचलून तो बार्बेक्यूला पोचला. हेल्गाबाई सॉसेजकडे वळल्या तशी त्यानं त्यांच्या जवळजवळ रिकाम्या बाऊलमध्ये डबा उपडा केला. चकत्या तशाच, हिरवे ठिपके तसेच. पण पार्सलीच्या शेजारी जिरं कुठून आलं? आणि हे दाण्याचं कूट?

पद्माकरनं वाकून पाहिलं. आज संकष्टी. ही सुलक्षणानं सासूबाईंसाठी केलेली उपासाची भाजी. म्हणजे ते हिरवे ठिपके पार्सलीचे नव्हेत, मिरचीचे.

बाऊल उचलणार तोच हेल्गाबाई आल्या आणि त्यांनी भलामोठा घास घेतला. आधी नाक लाल झालं, मग कान. शशिधर लांबून गवत कापायच्या खुणा करायला लागला. हेल्गाबाईंनी डोळे पुसले, बाऊल जवळ ओढला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"शशी, पितांबर धुतलेलं आहे ना रे?" पद्माकर मिशीतल्या मिशीत हसला.

तेवढ्यात सुलक्षणा तरातरा आली. हातात दुसरा व्हॅनिलाचा डबा.

"अहो, आईची उपासाची भाजी कुठाय? आणि हे काय करून ठेवलंत? कांदा, मोहरी... उपास मोडला ना तिचा!"

तिच्यामागून सासूबाई पदर सावरत आल्या. "जाऊ दे गं. पहिल्या घासालाच कळलं मला."

"मग थांबली का नाहीस?"

"मोडलाच होता, म्हटलं नीट मोडू. थोडी अजून घेतली." डब्याच्या तळाशी एकुलती एक चकती उरली होती. "जावईबापू, हात चांगलाय हो तुमचा."

पद्माकरला एकदम जोर आला. "बघ शश्या, माझे बटाटे दुसऱ्यांदा घेतले की नाही?"

"हेल्गाबाईंनी घ्यायचे ठरले होते, सासूबाईंनी नाही. हेल्गाबाईंनी खाल्लं ते वहिनींचं." शशिधरनं हात जोडले. "उद्या सकाळी भेटू. गारठा असेल, पण शर्ट मिळणार नाही."

सुलक्षणानं हेल्गाबाईंना डब्यांची आणि उपासाची गोष्ट सांगितली, आणि रविवारी अख्खी गल्ली दारात आली. पद्माकर पितांबर सावरत हेल्गाबाईंचं लॉनमोअर ढकलत होता, पोटावर गवत उडत होतं. शशिधर फोटो काढत होता. बडे साहेब कुत्र्यासकट थांबले.

"इट्स अ रिलीजस थिंग, सर," पद्माकर म्हणाला. साहेबांनी अदबीनं हॅट काढली.

हेल्गाबाई लगबगीनं बाहेर आल्या. हातात घासूनपुसून ठेवलेला व्हॅनिलाचा डबा. पद्माकरला वाटलं, चला, निदान घामाचं कौतुक तरी होतंय.

त्याला बाजूला सारून त्या थेट सासूबाईंकडे गेल्या. रिकामा डबा त्यांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "हॅलो! युअर नेक्स्ट फास्ट, व्हेन इज इट?"