‘देखेंगे’ या शब्दाची व्युत्पत्ती

राज्य कायद्यावर चालत नसून क्रियापदावर चालतं, हे आता सर्वमान्य आहे. (ज्यांना मान्य नाही त्यांनी अर्ज करावा, उत्तर क्रियापदातच मिळेल.) आपला वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हा हे क्रियापद हिंदी होतं : देखेंगे.

विद्वान त्याचं मूळ संस्कृतातल्या ‘दृश्’ धातूत शोधतात. तिथं त्याला डोळे होते. प्राकृतातून येताना ते अधू झाले आणि कचेरीच्या पायऱ्या चढताना पार गेले. पण शब्द गुणी! त्याच्या जोरावर एकही अर्ज नामंजूर झाला नाही. (मंजूरही झाला नाही, पण सगळंच कसं मिळणार?) लोक तो ऐकून नमस्कार करत आणि समाधानानं घरी जात.

या शांततेचा भंग केला हिंगणीच्या पंचफुलाबाईंनी. त्यांच्या मोहल्ल्याची एकुलती विहीर ढासळली होती आणि गावच्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नव्हतं. त्या अर्ज घेऊन कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "देखेंगे." बाईंनी ते खरं मानलं. (निरक्षरतेचे दुष्परिणाम.) पुढच्याच सोमवारी त्या डोक्यावर घागरभर गाळ घेऊन कचेरीत हजर.

"ये क्या है?"

"इहीर हाय, साहेब. तुमाले याले नाई जमलं, म्हून मीच आनली. अख्खी नाई आली."

साहेब म्हणाले, "अच्छा, देखेंगे."

मग मोहल्ल्यातल्या कवडूच्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, विहिरीचे दगड आले. मग रहाटाचं चाक. मग एक बेडूक, तोही विहिरीतलाच. कचेरीतले कारकून हिरालालबाबूंनी सगळ्याची ‘सोबतची कागदपत्रे’ म्हणून नोंद केली. बेडूक मात्र फायलीत राहीना. त्या साली प्रकरणात हालचाल दिसली ती एवढीच.

अखेर निकाल लागला. विहीर कचेरीच्या ओसरीत असल्यामुळे ती हिंगणीत नाही. आणि नसलेली विहीर दुरुस्त करता येत नाही.

एवढ्यात छप्पन साल उजाडलं. जिल्हा मुंबई राज्यात गेला, कारभार आपल्या मायबोलीत आला. आम्हाला खरोखर भरून आलं. बाई पुन्हा गेल्या. नव्या साहेबांनी आपुलकीनं बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि अस्सल मराठीत म्हणाले, "बघू."

बाई उठल्या. दगड परत बंडीत भरले. आता मोहल्ल्यानं विहीर स्वतःच बांधायला काढली आहे, पण हात कमी पडतात. "शयरातल्या शिकेल लोकाइले सांगजा," त्या मला म्हणाल्या, "आयतवारी येजा म्हना, घमेलं घेऊन."

तर वाचकहो, रविवारी येताय ना?

आत्ता आपल्या मनात जो शब्द आला, त्याची व्युत्पत्ती वर दिलीच आहे.