नऊ व्होल्टांची परीक्षा

"रेडिओ विकत घेणारे वेगळे, मी बनवतो!" अशी बढाई विद्याधरनं अंधेरीभर मारून ठेवली होती. एरियलची तार खाली राहणाऱ्या घरमालकांच्या, सेबॅस्टियनकाकांच्या माडाला बांधलेली. ती तपासायला तो रोज सकाळी अर्धा तास खाली जाई. एवढी निष्ठा ऑफिसात दाखवली असती तर हेडक्लार्क झाला असता!

आज सासरे रेडिओ ऐकायला येणार होते. पक्के सोवळ्यातले, आणि जावयाबद्दल आधीच मत वाईट. बायकोनं, कुंदानं, बजावलं होतं, "दादांसमोर वाजला नाही ना, तर सगळं भंगारात देईन!"

नेमका रेक्टिफायर बदलायचा होता. विजेला एकाच दिशेनं सोडणारा हा सेलेनियमच्या चकत्यांचा जुडगा चोरबाजारातला. विद्याधरनं टॉर्चचे सहा सेल आणि इवलासा बल्ब लावून तो तपासला. सुलट लावला, बल्ब लागला. उलटा लावला, विझला.

"झकास! पास!"

नऊ व्होल्टांना पास झालेला गडी घरच्या विजेच्या दोनशे तीस व्होल्टांपुढे टिकेल का, हे कोण विचारतो? बादलीत पाय बुडवून कुणी मनोरीच्या खाडीत उडी मारतं का? आमच्या विद्याधरनं मारली.

सासरे सरसावून बसले. बटण दाबलं. आधी गुरगुर, मग फट्, मग धूर, आणि मग तो वास! सेलेनियम जळलं की सडक्या अंड्यांसारखी घाण सुटते, हे सासऱ्यांना कुठून ठाऊक?

"अंडी!" ते नाकाला उपरणं लावून ओरडले. "माझ्या मुलीच्या घरात अंडी!"

"अहो दादा, रेक्टिफायर आहे तो!"

"अंड्याला इंग्रजी नाव दिलं म्हणून त्याचा बटाटा होत नाही, जावईबापू!"

तोंडाला येईल ते विद्याधरनं ठोकून दिलं, "खाली सेबॅस्टियनकाकांच्या कोंबड्या आहेत ना, त्यांचीच सडली असतील!"

धूर बघून बादली घेऊन धावत आलेले सेबॅस्टियनकाका दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

"माझी अंडी सडकी? तू बोलतो हे, विद्या? रोज सकाळी दोन-दोन हाफफ्राय खातो माझ्याकडं, एक दिवस तरी वास आला काय रे?"

सासऱ्यांनी वहाणा चढवल्या. कुंदा नवऱ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे रोजचा तो अर्धा तास..."

दुपारी भंगारवाला आला. रेडिओला कुंदानं हातही लावला नाही. एरियलची तार मात्र तिनं स्वतः माडावरून सोडवून भंगारात दिली.