तीनशे पासष्टावी सही

हेडक्लार्कांनी सकाळी कॅलेंडरचं शेवटचं पान फाडलं आणि कपाळावर हात मारला. रोज एक अवघड इंग्रजी शब्द शिकवणारं ते कॅलेंडर लेकीने वर्षापूर्वी आणलं होतं. नियमही तिचेच. शब्द त्याच दिवशी वाक्यात वापरायचा, वाक्य खरं असलं पाहिजे आणि ज्याला ऐकवलं त्याची पानावर सही हवी. हेडक्लार्कांनी तीनशे चौसष्ट सह्या मिळवल्या होत्या. त्यातल्या नव्वद तरी दूधवाल्याच्या होत्या, पण त्या चालत.

आजचा शब्द होता 'इबुलियंट'. म्हणजे ज्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटताहेत असा.

"बाबा, सही आणलीस तर हॉस्टेलवरून रोज फोन," लेक बॅग भरता भरता म्हणाली. "नाहीतर फक्त रविवारी."

उद्या ती जाणार होती. त्यामुळे घरात उकळी फुटत होती ती फक्त चहाला.

ऑफिसात मात्र नशीब उघडलं. लिफ्टमध्ये साहेब चक्क गुणगुणत होते! सहा वर्षांत त्यांचे दात कोणी पाहिले नव्हते, आज बत्तीसच्या बत्तीस दिसत होते. हेडक्लार्क धावतच टायपिस्टबाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, साहेब आज इबुलियंट आहेत! करा सही."

"अगंबाई! डॉक्टरला बोलावलं का?"

"अहो, आनंदात आहेत! नुसत्या उकळ्या फुटताहेत!"

"आपले साहेब? मग कारण कळल्याशिवाय मी नाही बाई सही करायची."

"कारण मला काय माहीत?"

"मला माहितीये," बाईंचे डोळे लकाकले. "बदली! दुसरं काय असणार?"

हेडक्लार्क 'अहो, पण' म्हणेपर्यंत बाई फोनवर होत्या. दहा मिनिटांत बदली झाली, पंधरा मिनिटांत तिची तारीखही ठरली आणि अर्ध्या तासात शिपाई केक घेऊन आला. पंख्याच्या वेगावरून वर्षभर अबोला धरलेले स्टोअरकीपर आणि टायपिस्टबाई एकमेकांना केक भरवू लागले. हेडक्लार्क पान आणि पेन नाचवत प्रत्येकामागे फिरत होते.

"एक सही करा हो, एकच!"

"सही कसली करताय, नाचा!" म्हणत शिपायाने त्यांनाच गरागरा फिरवलं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. दारात साहेब.

"काय चाललंय हे?"

शिपायाच्या नाकावर क्रीम होतं, ते पुसायचीही कोणाची हिंमत होईना. सगळ्यांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. त्यांच्या हातात पान होतं आणि डोळ्यांसमोर लेकीचा रोजचा फोन.

"साहेब, आपलं ऑफिस आज इबुलियंट आहे."

"ते दिसतंय. कारण?"

"सकाळी... आपण हसलात म्हणून."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"माझ्या एका हसण्याने एवढं?"

"हो साहेब. इथे सही करता का?"

साहेबांनी ऐसपैस सही ठोकली. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"खरं सांगतो, बदलीसाठी अर्ज मीच केला होता. वाटलं, इथे मी कोणालाच नकोय. आज मंजुरी आली, म्हणून गुणगुणत होतो." त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. "पण एवढी माया सोडून मी कुठे जाणार? आत्ताच कळवतो, जात नाही म्हणून. आता रिटायर होणार ते इथूनच. अजून अकरा वर्षं!"

टायपिस्टबाईंच्या हातातला केक खाली पडला. स्टोअरकीपरने मुकाट्याने उठून पंखा बंद केला.

संध्याकाळी लेकीने ते पान दिव्याखाली धरून तपासलं.

"बाबा, साहेबांची सही! पण वाक्य खरं होतं ना? अख्खं ऑफिस इबुलियंट होतं?"

"सही होईपर्यंत होतं," बाबा म्हणाले. "ते सोड, फोन किती वाजता करणारेस?"