चौथ्या नंबरची हरकत

तिसरा नंबर आला असता तर दातांच्या डॉक्टरांना नेमकं काय मिळणार होतं, हे आधी सांगितलेलं बरं. कांस्यपदक मिळणार होतं, पण त्यात एखादी दाढ भरण्याएवढाही धातू नसतो. खरी मिळकत निराळीच होती. डॉक्टरांचे सासरे निवृत्त न्यायाधीश. लग्नाला बावीस वर्षं होऊन गेली, तरी त्यांनी जावयाला अजून कुठल्याही नावाने हाक मारलेली नव्हती. 'ऐकताय का' याच्या पुढे नातं सरकलंच नव्हतं. चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आलीच, तर ते म्हणत, "हे आमचे जावई. दात काढतात." आणि ऐकणारे खरोखरच दात काढत.

पन्नाशीवरच्यांच्या चारशे मीटर शर्यतीत डॉक्टर सलग सहा वर्षं चौथे येत होते. त्यावर सासऱ्यांचा निकाल ठरलेला होता. "चौथा म्हणजे हरलेल्यांतला पहिला." डॉक्टरांचा हिशेब असा, की एकदा तिसरे आलो की पदक सासऱ्यांच्याच हातून घ्यायचं. पदक गळ्यात घालताना माणसाला समोरच्याला काहीतरी म्हणावंच लागतं. 'ऐकताय का' म्हणून कोणी पदक घालत नाही.

यंदा तर योगच जुळून आला होता. स्पर्धेच्या अपील समितीचे अध्यक्ष म्हणून आयोजकांनी सासऱ्यांनाच बसवलं होतं. अपील समिती म्हणजे मान्यवरांना सावलीत बसवायची जागा. अपील कधी कोणी करत नसे, त्यामुळे काम काही नव्हतं आणि पाणी थंड मिळे. समितीतले दुसरे सभासद म्हणजे मंडपवाले. मंडप त्यांचाच होता, तेव्हा त्यांना मंडपातून बाहेर काढणार कोण? तिसरे सभासद मागच्या वर्षी वारले होते. त्यांची खुर्ची तेवढी आदराने ठेवली होती, आणि तिच्यावर सासऱ्यांनी आपली काठी ठेवली होती.

शर्यत झाली. व्यायामशाळेचा मास्तर पहिला, बँकेचा मॅनेजर दुसरा, गॅरेजवाला तिसरा. आणि छाती पुढे, डोळे मिटलेले, तोंड पेशंटसारखं उघडं, अशा थाटात डॉक्टर चौथे.

पायऱ्यांवर बसून बायकोने सगळी शर्यत मोबाईलवर टिपली होती. शेजारी डॉक्टरांच्या सासूबाई होत्या.

"अहो, पाणी घ्या. चौथे आलात."

"माहीत आहे मला."

"नाही, दरवर्षी विचारता म्हणून आधीच सांगितलं."

डॉक्टरांनी पाण्याऐवजी मोबाईल घेतला. उन्हात पडद्यावर काही धड दिसेना आणि गलक्यात काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तो डोक्यावर टॉवेल घेऊन त्याच्या आत नेला. टॉवेलमधून एकदम आरोळी आली.

"पाय! गॅरेजवाल्याचा पाय बघ! वळणावर आतल्या रेषेवर पडलाय. एकदा नाही, दोनदा!"

या खेळाचा नियम साधा आहे. प्रत्येकाने आपापल्या लेनमध्ये पळायचं. वळणावर आतल्या रेषेवर पाय पडला, तर तेवढं अंतर वाचतं. म्हणून एकदा पडला तर माफ आणि दोनदा पडला तर बाद. गॅरेजवाला बाद झाला, तर तिसरा कोण? हे गणित डॉक्टरांना टॉवेलच्या आतच सुटलं.

"अहो, पण ती फिल्म पूर्ण बघा ना," बायको म्हणाली.

"पूर्ण कशाला? हवं ते दिसलं."

"अहो, पुढे त्यात—"

"अर्ध्या तासाच्या आत हरकत घ्यावी लागते. तुला नियम माहीत नाहीत."

दातांच्या डॉक्टरांना धंद्याने एक खोड लावलेली असते. दुखणारा दात तेवढा बघायचा, शेजारचा बघायचा नाही. डॉक्टरांनी गॅरेजवाल्याची लेन बघितली. शेजारची लेन त्यांची स्वतःची होती, ती बघायची राहिली.

रेफ्रीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. गळ्यात शिटी आणि आवाजातही शिटीच. त्यांनी तळहाताची सावली धरून डॉक्टर दाखवत होते तेवढा तुकडा पाहिला.

"आहे. दोनदा आहे. गॅरेजवाले बाद."

पाचव्या मिनिटाला गॅरेजवाला हजर. एक गाल सुजलेला, त्यामुळे राग अर्ध्याच तोंडाने निघत होता.

"डॉक्टर, ही हरकत तुम्ही घेतलीत?"

"नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे. तुमच्या गाडीचं इंजिन माझ्या टेबलावर सुटं पडलंय, हे लक्षात आहे ना? कुठला नट कुठे बसतो, ते आता मला आठवेलच असं नाही."

"आणि तुमच्या दाढेची नस मी अर्धीच काढलीय, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

एकाची दाढ उघडी, दुसऱ्याची गाडी. अशा माणसांनी खरं तर एकमेकांना मिठ्या मारायला हव्यात. पण गॅरेजवाल्याने गालावर हात ठेवून जाहीर केलं, "मी अपील करणार. अनामत भरतो. हरलो तर जाऊ दे. पण ती फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. सगळ्यांचे पाय बघायचे."

"खुशाल बघा!" डॉक्टर म्हणाले. मागे बायकोने कपाळाला हात लावला.

अपील आलंय म्हटल्यावर मंडपात एकदम जाग आली. सासऱ्यांनी काठी उचलली, कोट ठीकठाक केला. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर आलेलं हे पहिलंच प्रकरण. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही अपील मंजूर केलं नव्हतं, आणि हा विक्रम मोडायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. मंडपवाल्यांची अडचण वेगळीच होती. संध्याकाळी हाच मंडप त्यांना दुसरीकडे उभा करायचा होता. त्यांची माणसं एका कडेने कापड सोडायला लागलीसुद्धा.

"अपीलदार कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी. गॅरेजवाला."

"प्रतिवादी?" त्यांनी जावयाकडे बघितलं. "ऐकताय का, पुढे या."

रेफ्रीबाई मधे बोलल्या. "साहेब, हे तुमचे जावई ना? मग तुम्ही बाजूला व्हायला हवं."

"नातं आहे," सासरे म्हणाले. "ओळख नाही."

एवढ्यात मंडपाची मागची भिंत गेली आणि अध्यक्षांच्या डोळ्यांवर ऊन आलं. तरी ते हलले नाहीत. मोबाईल समोर धरला गेला. सासऱ्यांना ऐकू थोडं कमी येई, पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते म्हणाले, "साक्षीपुरावा सर्वांना ऐकू गेला पाहिजे. आवाज मोठा करा."

मंडपवाल्यांचा धंदा मंडपाचा, तसाच लाउडस्पीकरचाही. कर्णे अजून खांबांवरच होते. त्यांनी झटकन वायर आणली आणि मोबाईलला जोडली.

"अहो, नका हो जोडू!" बायको ओरडली.

"साक्षीदाराने मधे बोलू नये," सासरे म्हणाले.

पिस्तूल वाजलं. शर्यत सुटली. आणि साऱ्या मैदानावर चारी कोपऱ्यांतून डॉक्टरांच्या बायकोचा आवाज घुमला.

"आई, बघ हं. आता वळणावर हे पोट आत घेतील."

"घेतलं की गं!" हा आवाज सासूबाईंचा.

"आपण इथे बसलोय ना, म्हणून. पुढे गेले की सोडतात. बघ, सोडलं!"

उंच उडीची तयारी करणारी पोरं उडी विसरून हसायला लागली. डॉक्टरांनी सवयीने पोट आत घेतलं, आणि सगळ्यांनी ते बघितलं.

"अगं, त्या गॅरेजवाल्याचा पाय रेषेवर पडला वाटतं."

"पडू दे. यांचाही पडला. एकदा चालतं."

"परत पडला की गं!"

"कोणाचा?"

"दोघांचाही! एकमेकांकडे बघत पळतायत नुसते. पुढे कोणी बघतंच नाहीये."

"आई, हळू. आणि बाबांना सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगते! आजवर एक माणूस सोडलाय का त्यांनी? मांजरीने दूध सांडलं, तर आधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग तिला घराबाहेर काढलं. शेवटी दूध मीच उतू घालवलं होतं ते!"

"आवाज बंद करा!" सासरे गरजले.

"साहेब, मोठा करा असं तुम्हीच म्हणालात," मंडपवाले म्हणाले.

"आता बंद करा असंही मीच म्हणतोय!"

आवाज बंद झाला. पण चित्र चालूच होतं. पळणाऱ्यांच्या मागोमाग मोबाईल वळला आणि वाटेत त्याला मंडप लागला. मंडपात सावली, सावलीत खुर्ची, खुर्चीत अपील समितीचे अध्यक्ष. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेले. बायकोला ते दृश्य फारच आवडलं असावं, कारण शर्यत सोडून तिने चित्र मोठं केलं होतं. इतकं मोठं, की डॉक्टरांना वरच्या दाढेची कीडसुद्धा दिसली.

"हे कोण हो?" गॅरेजवाल्याने अर्ध्या तोंडाने विचारलं.

"चिंतन चाललंय," मंडपवाले म्हणाले. धंदेवाईक माणूस, अध्यक्षांची बाजू सांभाळून घेणारा.

रेफ्रीबाईंनी वही मिटली. "झालं. प्रश्नच नाही. दोघांचेही पाय दोनदा पडलेत. गॅरेजवाले बाद, डॉक्टरही बाद. फिल्म मी वर पाठवते. वरचे लोक पूर्ण बघतील, आवाजासकट."

'आवाजासकट' हा शब्द ऐकल्यावर सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो डॉक्टरांनी आजवर फक्त आपल्या खुर्चीत, सुई दाखवल्यावर बघितला होता. डोक्यावरचं उरलेलं कापडही त्याच क्षणी खाली आलं. उन्हात उभं राहून सासऱ्यांनी बराच वेळ घसा साफ केला.

"ही फिल्म पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही."

"का, साहेब?"

"काढणारी व्यक्ती प्रतिवादीची पत्नी आहे."

"आणि तुमची मुलगी," रेफ्रीबाई म्हणाल्या.

"शिवाय तिच्यात विषय सोडून फार मजकूर आहे. सबब फिल्म बाद."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. फिल्मच नाही म्हणजे त्यांचे पायही नाहीत! सासऱ्यांनी पहिल्यांदाच आपली बाजू घेतली, असं वाटून त्यांचे डोळे भरून यायच्या बेतात होते. तेवढ्यात रेफ्रीबाईंची शिटी वाजली.

"थांबा. गॅरेजवाल्यांना बाद केलं, ते याच फिल्मवर. फिल्म गेली की तेही गेलं."

सासऱ्यांनी क्षणभर डोळे मिटले. चाळीस वर्षांचा विक्रम एका बाजूला आणि मांजरीचं दूध दुसऱ्या बाजूला. तराजू धरायची सवय त्यांना होतीच.

"अपील मंजूर," ते म्हणाले.

"मलाही मंजूर," मंडपवाले म्हणाले. "साहेब, तेवढी खुर्ची सोडता का?"

म्हणजे निकाल होता तिथेच आला. मास्तर पहिला, मॅनेजर दुसरा, गॅरेजवाला तिसरा, आणि डॉक्टर सलग सातव्या वर्षी चौथे. गॅरेजवाल्याने सासऱ्यांच्या हातून पदक घेतलं आणि जाता जाता डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या दाढेला येतो."

"या. आणि गाडी?"

"दाढ थांबली की गाडी सुरू."

संध्याकाळी सासऱ्यांच्या घरी आतल्या खोलीत मायलेकी फिल्म बघत बसल्या होत्या. आतून हसण्याची एक लाट यायची, मग जरा शांतता, मग पुन्हा "आई, थांब, मागे घे, पोट बघ, पोट!" बाहेर गॅलरीत दोन पुरुष दोन खुर्च्यांवर बसले होते. बावीस वर्षांत दोघं कधी शेजारी बसले नव्हते. नेहमी समोरासमोर, कोर्टात बसावं तसे.

"ऐकताय का..." सासऱ्यांनी सुरुवात केली, मग अडखळले, मग खुर्ची जरा जवळ ओढली. "जावईबापू, अशी फिल्म पुसता येते का हो?"

डॉक्टर सावरून बसले. ज्या शब्दासाठी सात वर्षं पळापळ केली, तो असा, दबक्या आवाजात, गॅलरीत येऊन पडला होता.

"येते की. पण फोन तिचा आहे."

"मग सांगा तिला."

"तुमची मुलगी आहे. तुम्ही सांगा."

"मी तिला लहानपणापासून ओळखतो," सासरे म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

आता जमाखर्च मांडायचा, तर गॅरेजवाल्याला पदक मिळालं आणि अनामतही परत मिळाली. मंडपवाल्यांचा मंडप वेळेवर दुसरीकडे उभा राहिला. मैदानाची करमणूक फुकटात झाली. बायकोच्या हाती असा कागद लागला, की त्यावर नवऱ्याची आणि बापाची दोघांचीही सही होती. सासूबाईंनी दुधाबद्दल दिलेला जबाब मैदानभर ऐकू गेला, पण उलटतपासणी घ्यायची कोणाची छाती झाली नाही. मग खर्चाच्या बाजूला उरलं कोण? दोघंच. आणि दोघांनाही चहा हवा होता.

"आत जाऊन सांगता का?" सासऱ्यांनी विचारलं.

आतून हसण्याची आणखी एक लाट आली. डॉक्टर जागचे हलले नाहीत.

सासरे उठले, मागच्या दाराने चोरपावलांनी स्वयंपाकघरात शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चहा केला. दोन कप घेऊन बाहेर आले, त्यातला जास्त भरलेला जावयाला दिला. डॉक्टरांनी घोट घेतला. चहात साखर नव्हती. चहापत्तीही बहुधा नंतर आठवली असावी.

डॉक्टरांनी अपील केलं नाही.