परमिटवाला प्रल्हाद नाना

आमच्या शेजारचा प्रल्हाद नाना भर दुपारी गच्चीवर तंबू ठोकून त्यात बसतो, आणि त्या तंबूत शिरायचं असलं तर सख्ख्या बायकोलाही, म्हणजे अक्कालाही, परमिट फाडावं लागतं. अक्का चहा घेऊन वर जाते, कागदावर सही करते, वेळ लिहिते, मग कप आत जातो. एकदा अक्कानं चिडून सही केली नाही. चहा तंबूच्या दारात पार थंड झाला. नानानं बाहेर येऊन तो थंडच पिऊन टाकला, पण बिनसहीचा चहा आत जाऊ दिला नाही.

नाना बत्तीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात होता. तिथं मशीनला हात लावायचा तर आधी परमिट, मग कुलूप, मग लाल पाटी. कुलपाची चावी शिफ्ट इन्चार्जकडे. काम संपल्याची सही पडेपर्यंत ती चावी कोणाच्या बापाला मिळत नाही. त्या कायद्यानं माणसांचे जीव वाचतात, ते मला मान्य आहे. पण नाना रिटायर होऊन यावलला आला तो हाच कायदा बिऱ्हाडासोबत घेऊन. अक्कानं मिक्सर धुवायला घेतला की बटणावर लाल पाटी : 'काम चालू आहे, बटण दाबू नये.' घरात माणसं दोन. एक मिक्सर धुणारी, दुसरा पाटी लावणारा. बटण कोण दाबणार?

नानाचं दुसरं वेड म्हणजे कॅम्प. सातपुड्याच्या पायथ्याला, धरणाच्या काठी, झाडीत एक मुक्काम. त्यासाठी तंबू घेतला, कंदील घेतला, लोखंडी पेटी घेतली. आठ वर्षांत नऊ-दहा कॅम्प आखले. निघाला एकही नाही. एकदा आभाळ आलं, एकदा अक्काचा गुडघा धरला, एकदा केळीत बिबट्या दिसल्याची बातमी आली. बिबट्या कुठे, तर रावेरकडे. पण नाना म्हणाला, "चार पाय हायेत भो त्याले. चालत येईल." आमच्या गल्लीत एखादं काम होणारच नसलं तर लोक म्हणतात, तो नानाचा कॅम्प आहे.

आता माझं सांगतो. माझी मालन श्रावणात गेली. मी चौथी शिकलेला, जन्मभर केळीच्या गाड्या भरल्या. मला दुःखाबद्दल गोड बोलता येत नाही. तिचं दिवसकार्य उरकलं आणि मी दार लावून घेतलं. किराणा पोरगी पाठवून द्यायची, भाकरी अक्का द्यायची. चार महिने मी ओट्याच्या खाली उतरलो नाही. कोणी समजवायला आलं तर मी शिव्या देऊन घालवायचो.

नाना समजवायला आला नाही. तो कॅम्पचा कागद घेऊन आला.

"सुपडू भाऊ, डिसेंबरात कॅम्प हाये. माणसं दोन. मी अन् तू."

"नाना, तुझा कॅम्प अन् आपल्या गल्लीची गटार, दोन्ही कागदावर. चालता हो."

"हौ. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. रोज यायचा, यादी वाचायचा, शिवी खायचा, जायचा. दोऱ्या सहा, मेणबत्त्या चार, वांगी बारा. वांगी बामणोदचीच, कारण दुसऱ्या वांग्याचं भरीत म्हणजे त्याच्या मते कालवण. भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या, कारण गॅसवर भाजलं तर ते भरीतच नाही. हे मात्र मलाही पटत होतं. पण मी तसं बोललो नाही.

मग त्यानं गच्चीवर तंबूची ट्रायल घेतली. सिमेंटमध्ये खुंट्या जाईनात, म्हणून एक दोरी पाण्याच्या टाकीला बांधली, एक अक्काच्या पापडाच्या खाटेला आणि एक टीव्हीच्या छत्रीला. वारा सुटला. तंबू फुगला, छत्री फिरली, अक्काची मालिका ऐन लग्नात गेली आणि उडदाचे पापड माझ्या अंगणात पडले.

अक्का खालून ओरडत होती, "व माय, नवरी मंडपात उभी हाये अन् या माणसानं लाईन घालवली. उतरता का मी येऊ वर?"

वरून नाना म्हणत होता, "परमिट काढून ये."

मी पापड वेचले. ते परत द्यायला गेलो, तर नाना तंबूत गुरफटलेला. सोडवायला गच्चीवर चढलो. त्यानं कापडातून हात बाहेर काढला आणि कागद पुढे केला. "भाऊ, आधी सही." मी वैतागून सही केली, चष्मा नव्हता, वाचलं कोणी. त्याला बाहेर ओढल्यावर तो म्हणतो, "झालं. कॅम्पच्या यादीत तुझी सही पडली. आता माघार नाही."

मी दोन शिव्या दिल्या. पण सही केली होती. आणि खरं सांगायचं तर चार महिन्यांत मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या जिन्यावर चढलो होतो, हे मला खाली उतरल्यावर कळलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी अॅपे रिक्षा दारात उभी राहिली. मला वाटलं, आता नाना पोट धरेल, नाहीतर आभाळाकडे बघेल. तो गुपचूप बसला.  वाटेत घाम मात्र पुसत होता, आणि थंडी तर अशी की मी मफलर सोडला नव्हता.

धरणाला लागून त्याच्या ओळखीच्या एका पावरा आदिवासी बाईचं हरभऱ्याचं शेत होतं. जंगलात चूल पेटवू देत नाहीत, म्हणून नानानं हे शेत धरलेलं. बाईकडूनही परमिटवर अंगठा घेतला होता. रिक्षावाल्यानं पेटी उतरवली, काड्यांची मोळी टाकली, वांग्यांची पिशवी ठेवली. उद्या सकाळी येतो म्हणाला आणि गेला. समोर पाणी, पलीकडे सागाची झाडी, पाण्यात दोन बगळे.

नाना पेटीजवळ गेला आणि नुसता उभा राहिला. पेटीला कुलूप होतं. लाल पाटीही होती.

"चावी?" मी विचारलं.

त्यानं फोन काढला. रेंजची एकच काडी होती, म्हणून बांधावर चढला आणि मोठ्यानं बोलायला लागला. पलीकडून अक्काचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"चावी कुठे असणार? खिळ्यावर हाये. तुम्हीच तर मले शिफ्ट इन्चार्ज केलं. काम संपल्याची सही झाल्याबिगर चावी द्यायची नाही, असं तुम्हीच सांगितलं ना? मंग? झालं का काम?"

नानानं फोन खिशात घातला. तंबू आत, ताटं आत, मीठ आत. एवढंच काय, कुलूप तोडायचा हातोडाही आत.

पावरा बाई हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाबा, कुलूप कोणासाठी लावलं? इथे तर बगळेच हायेत." मग तिनंच मीठ, हिरव्या मिरच्या, लसूण आणि सहा भाकरी आणून दिल्या. काडेपेटीही तिचीच. आम्ही वांगी भाजली, केळीच्या पानावर दगडानं ठेचली आणि हातानं खाल्ली. मी अडीच भाकरी खाल्ल्या. खोटं कशाला सांगू.

जेवण झालं, बाई घरी गेली. ऊन उतरायला लागलं. वारा पडला, पाणी थांबल्यासारखं झालं. नाना उठला, बसला, परत उठला. काड्या मोडून त्यांचे तुकडे करायला लागला.

मला राग आला. मी तोंडावर विचारलं, "नाना, खरं सांग. चावी मुद्दाम ठेवून आलास ना? म्हणजे माघारी जायला कारण."

"नाही भो. आईची आण." तो खाली बसला. एक काडी सोलायला घेतली. मग म्हणाला, "मले शांतता सहन होत नाही. बत्तीस वर्षं कानात मशीनची घरघर. क्वार्टरमध्ये झोपलो तरी घरघर. रिटायर झालो अन् एकदम बंद. छातीत कसंतरी होतं. म्हणून दरवर्षी कॅम्प ठरवायचा अन् दरवर्षी मीच मोडायचा. बिबट्या-फिबट्या काही नव्हतं."

"मग यंदा कशाला मरायला आलास?"

नानानं माझ्याकडे बघितलं नाही. "तुझी मालन सकाळपासून बडबडायची. भिंतीपलीकडून आम्हाले तिचं बठ्ठं बोलणं ऐकू यायचं. भांडी, गाय, तू, सगळ्याइले बोलायची. श्रावणात ते बंद झालं. मले तर घर सोडून पळता येतं गच्चीवर. तू आत कसा बसत असशील, ते मले माहीत हाये."

मी निखाऱ्यांवर दोन काड्या टाकल्या. 

नाना माझ्याजवळ सरकला. तो हळूच म्हणाला, "भाऊ, काहीतरी बोल ना. काहीबी बोल."

मी कशाबद्दल बोलणार? गाड्यांबद्दल बोललो तर दोन वाक्यांत संपलं. मग मी मालनबद्दल बोलायला लागलो. लग्नात तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, तिथून सुरू केलं. ती सासूला कशी फसवायची, बाजारात कशी भांडायची, मला बहिरा समजून एकच गोष्ट तीनदा कशी सांगायची. चार महिन्यांत तिचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. आता थांबता येईना. सूर्य सागाच्या मागे गेला, बगळे उडाले. नानाच्या हातातली काडी कधीची खाली पडली होती.

एका जागी मात्र माझा आवाज गेला. दवाखान्याची गोष्ट आली होती. 

नानानं आपली शाल काढून माझ्या गुडघ्यांवर टाकली.

"मंग?" तो म्हणाला.